गिटार विकू नका, वाजणारी गिटार विका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. परतूरहून एक वडील गिटार घेऊन दुकानात आले. दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडूनच साडेचार हजाराला नेलेली. म्हणाले, "दादा, पोराला काही जमंना. बोटं सोलली त्याची. अर्ध्या किमतीत तरी परत घ्या."

मी गिटार हातात घेतली, एफ कॉर्ड धरली. मलाच दाबवेना! बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली, तर जाड तार साडेचार मिलिमीटर वर. ती अडीचच्या आसपास हवी. म्हणजे चूक पोराची नव्हती, माझी होती. खोक्यातून काढली, पुसली, बिल फाडलं. तपासलीच नव्हती.

तिथंच बसून ती नीट करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण त्या पोरानं पुन्हा क्लास लावला नाही. "आपल्याला हे येत नाही" हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. गिटार दुरुस्त झाली, ते कसं दुरुस्त करणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सेटअप न करता गिटार विकणं म्हणजे अर्धवट माल विकणं.

सेटअप म्हणजे काय जादू नाही. आधी नेकचा बाक बघायचा. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून धरा, सातव्यापाशी तारेखाली साधारण पाव मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड फिरवा, पण एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. मग तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटर उतरवायची असेल, तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. शेवटी मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार ट्यूनरवर एकाच सुरात येतात का, ते बघा. हात बसला की अर्ध्या तासाचं काम. मात्र नट घासणं आणि फ्रेट समतल करणं आधी भंगार गिटारवर शिका, गिऱ्हाइकाच्या नाही.

आणि हे एकदा करून संपत नाही. अकूस्टिक गिटारच्या सहा तारा मिळून नेकला सुमारे ७० किलोच्या ताकदीनं ओढत असतात. त्यात आपलं जालना. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, तारा वर येतात. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगलेली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली गिटार बिघडणारच. हे गिऱ्हाइकाला सांगणं आपलं काम आहे.

तुम्ही म्हणाल, छोट्या गावात या कामाचे पैसे कोण देणार? मिरजेकडे बघा. तिथली सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. तंतुवाद्यं बनवायला लागून त्यांना दीडशे वर्षं होऊन गेली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. त्यांच्याकडे जवारी काढणं हे वेगळं कसब मानतात. घोडीचा माथा कानसीनं इतका बारीक घासायचा, की तार त्याला हलकी घासून झंकार देईल. वाजवून वाजवून तारेची खाच पडते, झंकार मरतो, मग जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे वाद्य एकदा विकलं जातं, पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं येत राहतं. वाद्याच्या धंद्याचं खरं गणित मला तिथं दिसतं.

मी आता काय करतो? प्रत्येक नवी गिटार सेटअप करूनच देतो आणि बिलात त्याची वेगळी ओळ लिहितो: सेटअप ४०० रुपये. फुकट दिलं तर त्याची किंमत राहत नाही. कुणी म्हणतं, "ऑनलाइन तीनशे रुपयांनी स्वस्त आहे." मी दोन गिटार पुढे ठेवतो, एक खोक्यातली, एक सेटअप केलेली. "दोन्हीवर बोट दाबून बघा, भाऊ." पुढे मला बोलावं लागत नाही. घासाघीस करणारे असतात, काही जातातही. जाऊ द्यायचे. पण जे राहतात, ते तारा बदलायला येतात, पावसाळ्यानंतर दाखवायला येतात, भावाला घेऊन येतात.

तुमचं दुकान शिलाई मशीनचं असो की फवारणी पंपाचं, एक काम आजच करा. जी वस्तू तुम्ही विकता, ती खोक्यातून काढून नवशिक्यासारखी स्वतः वापरून बघा. कुठं बोट दुखतं? तिथंच तुमचं काम आहे, आणि तिथंच तुमची कमाई.

ते परतूरचं पोरगं पुन्हा दुकानात आलं नाही. दुसरं तसं जाऊ नये, एवढंच मी बघतो.