वकिलाची फी कोण ठरवणार?

चंदिगडच्या इंडस्ट्रियल एरियात एलांटे मॉल झळकतो. त्याच भागातल्या कारखान्यातल्या कामगाराला पगारवाढ नाकारली, तर चौदा दिवसांची नोटीस देऊन तो संपावर जाऊ शकतो. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही वाट अरुंद केली, बंद नाही. त्याचा खटला लढवणाऱ्या वकिलाला मात्र तीही मोकळी नाही.

हरीश उप्पल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये सांगितलं, की वकिलांना संपाचा हक्क नाही. बार किंवा बेंचची प्रतिष्ठा, सचोटी, स्वातंत्र्य पणाला लागलं, तर अगदी विरळा प्रसंगी एका दिवसापुरती सवलत. त्या यादीत पोटाला जागा नाही. तरी 'नो वर्क' होतंच. 2019 मध्ये हरियाणाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाविरुद्ध इथल्या हायकोर्टाच्या वकिलांनी काम थांबवलं. सरकारी कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक खटले, म्हणजे सर्व्हिस मॅटर्स, हायकोर्टातून तिकडे जाणार होते. त्या विरोधात पोटाचाही प्रश्न होता, असं मला वाटतं; तो मोठ्याने बोलायची आपल्याकडे रीत नाही, एवढंच.

इंग्लंडच्या फौजदारी बॅरिस्टरांनी ती लाज सोडली. कायदेशीर मदतीची फी 25 टक्के वाढवा म्हणत ते 2022 च्या सप्टेंबरात बेमुदत संपावर गेले आणि ऑक्टोबरात 15 टक्क्यांवर परतले. तेही स्वतंत्र व्यावसायिकच. पण त्यांची फी सरकार ठरवतं, म्हणून भांडायला समोर कुणीतरी होतं. आपल्या ज्युनिअरने कुणाशी भांडायचं? सिनिअरशी? बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतनाची शिफारस केली. शिफारसच ती.

खरा पेच आता विधी सेवा प्राधिकरणाच्या डिफेन्स काउन्सेलचा, म्हणजे गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांचा आहे. 2022 पासूनच्या या योजनेत वकील कराराने पूर्णवेळ नेमतात, मानधन ठरवून देतात आणि खासगी वकिली बंद करतात. म्हणजे नोकरीची सगळी बंधनं आली. त्यांनी काम थांबवलं, तर जामिनाची वाट पाहणारा गरीब कच्चा कैदीच भरडला जाईल, म्हणून संपबंदी मला पटते. पण कारखान्यातल्या वादात निदान समेट अधिकारी तरी असतो; तसं या वकिलांसाठीही कुणी हवं. यांच्या मानधनाचा ठरावीक मुदतीत फेरविचार करणारं, प्राधिकरणाबाहेरचं एखादं मंडळ आधी नेमा. मग संपाला मनाई करा.