लेकरांना विचारू द्या



गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही निर्गमाचा पाठ घेत होतो. एका मुलीने विचारले, "मिसरी लोकांची मुलं का मेली? त्यांचा काय गुन्हा?" आम्ही म्हणालो, "आधी दहा आज्ञा पाठ कर." ती खाली बसली. त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारलेला नाही.

यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री याच्या उलट घडते. सेदेर नावाच्या त्या भोजनात सहसा सर्वांत लहान मूल विचारते, की आजची रात्र वेगळी का, बेखमीर भाकरच का, कडू भाजी का. मगच सुटकेची कथा सुरू होते. तालमूद सांगतो, की मुलाला विचारता येत नसेल तर पत्नीने विचारावे, एकट्याने स्वतःलाच विचारावे, आणि दोन विद्वान असले तरी त्यांनी एकमेकांना विचारावे.

त्या रात्री वाचायचे पुस्तक म्हणजे हग्गादा. आपल्या बेने इस्रायल बांधवांसाठी ते मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापले गेले. त्यात चार मुलगे येतात : शहाणा, दुष्ट, भोळा आणि प्रश्नच न सुचणारा. दुष्टाला खरमरीत उत्तर मिळते, पण त्याचाही प्रश्न ऐकला जातो. ज्याला विचारता येत नाही, त्याच्याशी वडिलांनीच बोलायला सुरुवात करायची.

आपल्या शास्त्रातही हेच आहे. मुले विचारतील हे धरूनच मोशे आईबापांना उत्तर सांगून ठेवतो (निर्गम १२). वल्हांडणासाठीच यरुशलेमला गेलेला बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता (लूक २).

प्रश्नांनी श्रद्धा डळमळते, असे काही पालक म्हणतात. आम्हाला वाटते, दाबलेला प्रश्न मुलाच्या मनात तसाच राहतो. फक्त तो घेऊन ते आपल्याकडे येत नाही.

सेदेरमध्ये दहा पीडांची नावे घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचे थेंब काढतात. शत्रूची का होईना, माणसे मेली, म्हणून आपल्या आनंदाचा प्याला थोडा उणा असावा, असा त्याचा अर्थ अनेक यहुदी सांगतात. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न त्यांच्या मेजावर दरवर्षी असतो. आम्ही मात्र तो वर्गाबाहेर ठेवला.

येत्या रविवारी आम्ही तिला हे थेंबांचे सांगणार आहोत. पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही, हेही सांगू. आपणही घरी रात्रीच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे लेकरांना विचारू द्या.