लाल डोळा आणि दुकानातला ड्रॉप

2023च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली. आळंदीच्या शाळकरी मुलांपासून बातम्या सुरू झाल्या आणि पाहता पाहता राज्यभर लाखो रुग्ण झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत लोकलच्या डब्यात काळे गॉगल दिसू लागले. (रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने लागण होत नाही. ती होते हात, टॉवेल, रुमाल आणि उशीच्या अभ्र्यातून. गॉगलने फक्त उजेडाचा त्रास कमी होतो.) साथ ओसरली. एक सवय मात्र त्या आधीपासून होती, साथीत ती आणखी पक्की झाली आणि आजही चालू आहे. डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानात जायचे आणि 'डोळ्याचा एखादा ड्रॉप द्या' म्हणायचे.

दुकानदार जी बाटली देतो तिच्यात बरेचदा प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असते. त्याचा गुण लगेच दिसतो. संध्याकाळी थेंब घातला की सकाळपर्यंत लाली उतरते, खाज थांबते. औषध चांगले निघाले म्हणून बाटलीचे नाव लक्षात ठेवले जाते, शेजारी सांगितले जाते. खरे तर विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. स्वच्छता, थंड पाण्याच्या घड्या आणि थोडा धीर एवढे पुरते. स्टेरॉइडने विषाणू मरत नाही, फक्त सूज दबते.

दोन-चार दिवसांनी थेंब बंद झाले तर बहुतेकांचे निभावून जाते. प्रश्न आहे महिनोन्महिने घालणाऱ्यांचा. डोळ्याच्या आत एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून तो बाहेर जातो. स्टेरॉइडने ही जाळी हळूहळू तुंबते, द्रव साचतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर असतो. काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घातले तर सुमारे एक तृतीयांश लोकांत तो थोडाफार चढतो आणि शंभरात पाचेक जणांत फारच चढतो. हे पाच जण कोण, हे आधी चेहऱ्यावरून कळत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर धोका अधिक.

हा वाढलेला दाब सहसा दुखत नाही. दृष्टीची नस आतून झिजते, आधी कडेची नजर जाते, समोरचे मात्र स्वच्छ दिसत राहते. माणूस वाचतो, मोबाइल पाहतो, धावत लोकल पकडतो. कळते तेव्हा बरीच नस गेलेली असते आणि गेलेली नस कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूचे तसे नाही, तो काढून भिंग बसवता येते. स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो, पण खरी भीती काचबिंदूची.

सर्वांत वाईट वाटते ते मुलांचे. पाच ते पंधरा वयातल्या, विशेषतः मुलग्यांच्या, डोळ्यांना एक चिवट ॲलर्जी होते. उन्हाळा आणि धूळ सुरू झाली की डोळे चोळून चोळून लाल होतात आणि पांढरा, तारेसारखा चिकट स्राव येतो. रस्ते, मेट्रो, इमारती यांची कामे वर्षानुवर्षे चालू असलेल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात धुळीला तोटा नाही. ही ॲलर्जी बहुतेकांची वयात आल्यावर निवळते. तोवर दर उन्हाळ्यात आई तीच जुनी बाटली आणत राहते. मूल चोळायचे थांबते म्हणून तिलाही बरे वाटते. ॲलर्जी संपते तेव्हा मुलगा दहावीत असतो आणि नस निम्मी झिजलेली असू शकते. या मुलांसाठी स्टेरॉइड नसलेले थेंब आहेत. ते सावकाश काम करतात, पण वर्षानुवर्षे चालू शकतात.

मुरबाड, शहापूरकडे धोका वेगळा आहे. भातकापणीत पाते किंवा कुसळ डोळ्याला लागते आणि बुबुळावरच्या ओरखड्यात बुरशी शिरते. तिथे स्टेरॉइडचा थेंब पडला की प्रतिकार दबतो, बुरशी फोफावते आणि आठवड्याभरात बुबुळ पांढरे पडू शकते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग करताना कण उडाला, तरी हेच. लाल डोळ्यासोबत दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका असेल, किंवा रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

असे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे, हा नियम जुना आहे. तो पाळला जातो का, हे पाहणे अन्न व औषध प्रशासनाचे काम. पण सगळा दोष दुकानदारावर टाकून भागणार नाही. सहा-सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसासाठी त्या वेळी उघडे असते ते औषधाचे दुकानच. सरकारी ओपीडी सकाळी असते, म्हणजे त्याचा एक खाडा. महापालिकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी नेत्रतपासणी ठेवली आणि तिथे डोळ्याचा दाब मोजण्याचे साधन असले, तर बराच फरक पडेल. दाब मोजायला काही मिनिटे लागतात.

स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आणि डोळ्याच्या आतल्या सुजेत तेच नजर वाचवते. डॉक्टरांनी दिलेले थेंब हे वाचून बंद करू नयेत. दाब कधी मोजायचा, एवढे विचारावे. बाटलीवरची बारीक अक्षरे मात्र वाचावीत. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही सगळी स्टेरॉइडेच. चाळिशी पार केलेल्यांनी चष्म्याचा नंबर काढताना दाबही मोजून घ्यावा. घरात काचबिंदू असेल किंवा पूर्वी असे थेंब महिनोन्महिने घातले असतील, तर वय न बघता मोजावा. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात. आजीला शस्त्रक्रियेनंतर दिलेली बाटली फ्रिजच्या दारात राहते आणि सहा महिन्यांनी नातवाच्या लाल डोळ्यात जाते. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते.