तीन लाख ठिपक्यांतला चेहरा

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी मोरगावला येते. पुढे वद्य पक्ष लागला की घरोघरी पितरांची आठवण निघते आणि आपल्या स्टुडिओंत ओळखीचे काम येते : गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून द्या. पूर्वी गिऱ्हाईक निगेटिव्ह किंवा पिवळा पडलेला प्रिंट आणत असे. आता जुन्या मोबाइलमधली फाइल येते. सुरुवातीच्या कॅमेरा मोबाइलांची कुवत नेमकी किती होती, हे आज आपल्याला माहीत असायलाच हवे.

२००२मध्ये बाजारात आलेला नोकिया ७६५० घ्या. कॅमेरा ६४० बाय ४८०, म्हणजे तीन लाख सात हजार ठिपके. फ्लॅश नाही, फोकस एकाच अंतराला कायमचा बांधलेला, मेमरी चार एमबी, कार्डाची सोय नाही. पडदा मात्र १७६ बाय २०८चा. मूळ फोटोतल्या ठिपक्यांपैकी जेमतेम आठवा हिस्सा त्यावर मावे, म्हणून तिथे फोटो झकास दिसे. गिऱ्हाइकाच्या मनात ती पडद्यावरची आठवण असते आणि आपल्या हातात फाइल असते. वादाचे मूळ तिथेच आहे.

हिशेब साधा आहे. ३०० डीपीआयने ही फाइल सव्वादोन इंचांच्या आतच संपते. चार बाय सहाला सुमारे १०७ डीपीआय उरतात. हातभर अंतरावरून ते चालून जाते. बारा बाय अठराला छत्तीसच्या आसपास. तिथे जेपेगचे चौकोन उघडे पडतात आणि डोळ्यांच्या जागी डाग दिसतात. याच मोबाइलच्या ‘पोर्ट्रेट’ मोडची फाइल तर ८० बाय ९६ची असे, नावांच्या यादीत चिकटवण्यापुरती. म्हणून काम घेण्याआधी फाइलचे माप पाहा.

मापाइतकाच प्रकाशही पाहा. मोरगावच्या मयूरेश्वराचे मंदिर उत्तराभिमुख आणि काळ्या पाषाणाचे. माघी यात्रेला सूर्य दक्षिणेकडे असतो, दर्शनी बाजू सावलीत राहते आणि वर आकाश तळपत असते. तिथे उभ्या केलेल्या कुटुंबाचा फोटो त्या काळच्या सेन्सरने काढला, की आकाश पांढरेफटक आणि चेहरे काळवंडलेले. कर्व्ह उचलला तर सावलीतून चेहऱ्याऐवजी रंगीत खर वर येते. उघड्या सावलीत, हातभर अंतरावर काढलेला फोटो मात्र पासपोर्ट आकारापर्यंत चांगला उतरतो. फोटो उभा काढलेला असेल तर त्या आकाराला लागणारे ४१३ बाय ५३१ ठिपके त्यात निघतात.

गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल घेऊन बसू नका, मूळ मोबाइल मागा. २००३च्या नोकिया ६६००ची बीएल-५सी बॅटरी आजही गावोगावच्या मोबाइल दुकानांत मिळते आणि त्याचे एमएमसी कार्ड बऱ्याच एसडी रीडरमध्ये वाचले जाते. ७६५०मधून फोटो ब्लूटूथने किंवा इन्फ्रारेडने काढावा लागतो. मोबाइल सुरू झालाच, तर आधी सगळे फोटो उतरवून घ्या, मग दुरुस्तीला हात लावा.

आता खरा प्रश्न. नवी सॉफ्टवेअरे एका क्लिकमध्ये हा फोटो लखलखीत करून देतात. पण जे ठिपके कधी नोंदलेच गेले नाहीत ते कुठून येणार? सॉफ्टवेअर हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून पापण्या, दात, सुरकुत्या अंदाजाने भरते. फ्रेममध्ये आजीसारखी दिसणारी कुणी दुसरीच बाई बसते, आणि वर्षा-दोन वर्षांत घरातल्या लहान मुलांना तीच आजी वाटू लागते. चित्रकाराने काढलेले तैलचित्र चित्र म्हणूनच भिंतीवर लागते. आपण मात्र ‘फोटो’ म्हणून देतो, आणि त्या शब्दावरच लोक विश्वास ठेवतात.

म्हणून या मासिकाची भूमिका स्पष्ट आहे. नॉइज कमी करा, रंग सावरा, पण चेहऱ्यावर नवे काही रचू नका. मोठी फ्रेम हवी असेल तर चार बाय सहाचा प्रिंट रुंद माउंटमध्ये बसवा. भिंतीवर तो भारदस्त दिसतो. गिऱ्हाईक तरीही सॉफ्टवेअरचा चेहरा मागत असेल, तर प्रिंटच्या मागे तसे लिहून द्या आणि मूळ फाइल जशीच्या तशी सोबत द्या. प्रिंटचे पैसे घेताना ‘यात एवढेच आहे’ असे सांगायला संकोच वाटू देऊ नका. आपल्या धंद्याची पत त्या एका वाक्यावर टिकते.