प्रभाकर मावळला, वाडी उरली

कऱ्हाडचे रेल्वेस्थानक शहरापासून दूर, ओगलेवाडीत आहे. गाडीतून उतरणारा प्रवासी वाडीचे नाव रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकतो; त्या नावामागचा इतिहास मात्र त्याला कोणी सांगत नाही.

स्वदेशीच्या मंत्राने समाज भारलेला असताना, १९१६ साली, ओगले बंधूंनी येथे काचकारखाना उभारला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा त्यास आश्रय लाभला. भट्टीभोवती वस्ती वाढली आणि तिला संस्थापकांचेच नाव मिळाले. येथला 'प्रभाकर' कंदील विलायती कंदिलांशी टक्कर देत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. पुढे खेडोपाडी वीज आली, कंदील अडगळीत गेला. कारखानाही बंद पडला. आज ओगलेवाडी हे कऱ्हाडचे निवासी उपनगर झाले आहे.

'काळ बदलला' एवढे उत्तर पुरेसे नाही. त्याच पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने १९१० साली कुंडलच्या माळावर वसलेली, आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी लोखंडी नांगरापासून पंपांपर्यंत गेली आणि टिकली. विदेशी वस्तूला पर्याय देणे ही स्वदेशीची पहिली पायरी. काळाची पाऊले ओळखून स्वतःच्याच वस्तूला पर्याय शोधणे ही दुसरी, आणि तीच अधिक अवघड.

ओगलेवाडीत घरे जरूर बांधली जावीत. परंतु स्थानकाच्या आवारात एक प्रभाकर कंदील आणि चार ओळींचा फलक दिमाखाने उभा असावा, एवढी कृतज्ञता कऱ्हाडकरांनी दाखवावयास हवी. ज्या कंदिलाच्या उजेडात एका पिढीने अक्षरे गिरवली, त्याचे नाव पुढच्या पिढीला वाचता तरी यावे.