शिध्यात तेलालाही स्थान हवे

म्हसावदच्या परिसरात, किंबहुना सबंध शहादा तालुक्यात, पपईच्या बागा विपुल आहेत. येथील फळ मालमोटारींतून परराज्यांत जाते. उत्तरेस सातपुड्याची रांग आहे आणि तेथील पाड्यांवर बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. पपईतील केशरी द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. परंतु ते द्रव्य पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थात विरघळते. जेवणात तेलाचा अंश नसेल, तर त्याचा बराच भाग अंगी न लागताच वाया जातो. अ, ड, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वे याच जातकुळीची आहेत.

त्यांचे कार्य रातांधळेपणा वा मुडदूस टाळण्यापुरते मर्यादित नाही. शरीरात कोणते विकर किती प्रमाणात निर्माण व्हावे, हे ठरविणाऱ्या जनुकांवर ‘अ’ व ‘ड’ यांचे नियंत्रण चालते. ‘के’च्या अभावी रक्त गोठविणारी काही प्रथिने यकृतात पूर्णत्वास जात नाहीत. ‘अ’चा तुटवडा पराकोटीला गेला की बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ पडून विरघळू लागतो आणि मूल कायमचे अंध होते.

बालकांना ठरावीक काळाने ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा कार्यक्रम देशात 1970 मध्ये सुरू झाला. तो आवश्यकच आहे. पण रोजच्या ताटातील स्निग्धांशाची जागा तो घेऊ शकत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला, तेलाचा नाही. 2022 च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना सवलतीत एक लिटर पामतेल दिले. परंतु पोषण ही सणावारापुरती गरज नव्हे. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. जागतिक बाजारात भाव वधारले की सर्वप्रथम गरिबाच्या घरातील फोडणी आटते.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना 2015 मध्ये आली. पुढे तीत बालकांसाठी अंडीही आली. अंड्याच्या बलकात जीवनसत्त्व आणि स्निग्धांश एकत्रच लाभतात. दिशा योग्य आहे. मात्र अंडी व तेल यांची तरतूद बाजारभावाबरोबर वाढली नाही, तर योजना कागदावर पूर्ण आणि ताटात अपुरी राहील. शासनाने ही तरतूद भावांशी निगडित करावी आणि आदिवासी तालुक्यांत दरमहा शिध्यासोबत तेल द्यावे. कुपोषणाचा हिशेब केवळ धान्याच्या क्विंटलांत मांडण्याची सवय आता सोडलीच पाहिजे.