गोल्फ, पोलीस आणि आपण



गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ खेळलो. खेळलो म्हणजे काय, काठी हवेत फिरवली, थोडे गवत उपटले आणि दोन चेंडू तळ्याला अर्पण केले. निमित्त होते आमच्या काउंटीत दरवर्षी होणाऱ्या स्पर्धेचे. ड्यूटीवर असताना प्राण गेलेल्या पोलिसांच्या स्मरणार्थ ती भरते आणि पैसे त्यांच्या कुटुंबांसाठी जातात. ऑफिसच्या चौघांतला एक जण आयत्या वेळी गळला, म्हणून मॅनेजरने मला धरून नेले. अशा स्पर्धा बहुधा 'स्क्रँबल' पद्धतीच्या असतात: चौघांनी फटका मारायचा, त्यातला सगळ्यात बरा निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच मारायचा. त्यामुळे माझ्यासारखा ढ गडीही खपून जातो. शिवाय 'मलिगन' विकत मिळते. पैसे भरा आणि चुकलेला फटका परत मारा. (एम-थ्रीच्या पेपरला ही सोय असती तर... असो.)

एका मित्राला हे फोनवर सांगितले तर तो उखडलाच. म्हणाला, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, निम्मे पैसे हिरवळीवर आणि स्टेकवर जातात, तुम्ही मात्र पुण्य कमावल्यासारखे घरी येता. आणि दुसरे म्हणजे, इथल्या पोलिसांसाठी आपण का पैसे द्यायचे? जानेवारी २०२३ मध्ये सिएटलला आपली एक विद्यार्थिनी पोलिसांच्या गाडीखाली गेली आणि त्यांच्यातलाच एक अधिकारी फोनवर हसत होता, ते विसरलास का?

विसरलो नाही. २०२० मधले मिनियापोलिसही विसरलो नाही. पहिला आक्षेपही निम्मा खरा आहे. माझ्या १५० डॉलरच्या पावतीवर लिहिले होते की त्यातले ८५ डॉलरच देणगी धरायची, बाकी मैदान, गाडी आणि जेवणाचे. ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात काही दिले तर त्याची किंमत लेखी सांगावी, असा इथला कायदाच आहे. पोलिसांच्या नावाने फोन करून लोकांना गंडवणारे भामटे इथे भरपूर आहेत, तेव्हा हिशेब विचारलाच पाहिजे. एवढे मान्य.

पण त्या दिवशी जे पाहिले ते या हिशेबात बसत नाही. प्रत्येक होलपाशी एक पाटी होती. प्रायोजकाचे नाव खाली, बारीक. वर मोठ्या अक्षरात एका पोलिसाचे नाव आणि 'एंड ऑफ वॉच' म्हणून एक तारीख. अठरा होल, अठरा नावे. काही गोळीने गेलेले, पण बरेचसे रस्त्यावर. कुणी बिघडलेल्या गाडीपाशी मदत करत उभा असताना मागून ट्रक आला, तसे. संध्याकाळी जेवायला माझ्या शेजारी त्यातल्याच एकाची आई बसली होती. मुलाला जाऊन अकरा वर्षे झाली. भाषण नाही, रडारड नाही. सून कुठे नोकरी करते, नातू कुठल्या कॉलेजात आहे, हे टेबलावरच्या दंतवैद्याला आणि टोयोटाच्या डीलरला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. ते दर वर्षी भेटतात ना!

ही पद्धत इथे जुनी आहे. १९५२ साली डेट्रॉइटमध्ये पॅकर नावाच्या एका कारविक्रेत्याने मारल्या गेलेल्या पोलिसाच्या बायकोसाठी शंभर मित्रांना पत्रे घातली, त्यातून 'हंड्रेड क्लब' निघाले. १९८४ पासून 'कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स' ही या कुटुंबांचीच संस्था आहे. मुलांची शिबिरे, बायकांची वेगळी, आईवडिलांची वेगळी. खटला चालतो तेव्हा सोबतीला कोर्टात जाऊन बसणे हेसुद्धा त्यांचे काम. सरकार काही देत नाही असे नाही. १९७६ च्या कायद्याने ५० हजार डॉलर मिळत, आता ४ लाखांच्या वर मिळतात. पण त्या अर्जाचा निकाल लागायला वर्षाच्या वर जाऊ शकते. तोवर घराचा हप्ता कोण भरणार?

आता आपल्याकडचे. माझे बाबा हवालदार होते, मी पोलीस लाईनीत वाढलो. आमच्या शेजारचे काका नाकाबंदीवर असताना ट्रकखाली गेले. तेरा दिवस सगळ्या लाईनीतून डबे जात होते. पुढे क्वार्टर खाली करायची नोटीस आली, काकूंनी अनुकंपाच्या नोकरीसाठी चकरा मारल्या, मग त्या कुठेतरी भाड्याने राहायला गेल्या. मी तेव्हा नववीत होतो. दर २१ ऑक्टोबरला (१९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला मारल्या गेलेल्या दहा जवानांची ती आठवण) परेड ग्राउंडवर नावे वाचली जायची. ऐकायला कोण? पोलीसच. गावातला एकही डॉक्टर, एकही सराफ मी तिथे कधी पाहिला नाही.

२६/११ ला ओंबळे, करकरे, कामटे, साळसकर ही नावे आपल्या सगळ्यांना पाठ झाली, ते योग्यच झाले. पण त्यानंतर वर्षाच्या आतच, ८ ऑक्टोबर २००९ ला, गडचिरोलीत लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याला १५. आपल्यापैकी किती जणांना त्यातले एक तरी नाव सांगता येईल? मला आले नाही, आणि मी पोलिसाचा मुलगा.

गोल्फहून आल्यावर मी आईला फोन करून काकूंचा नंबर मागितला. ती म्हणाली, "आत्ता? वीस वर्षांनी?" नंबर तिच्याकडेही नव्हता, तिने मावशीकडून मिळवला.

तर माझे म्हणणे एवढेच की आपल्या मंडळाच्या वार्षिक खर्चात हे एक खाते असावे. गोल्फ नको, क्रिकेटचा एक रविवार चालेल. दोन-तीन घरे निवडायची, मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत तीच धरायची, आणि नुसता चेक न पाठवता फोनही करायचा. भारतात पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा: भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. इथले नागरिकत्व घेतलेल्यांचे मात्र धरतात, म्हणजे घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी लागणार. यातले कुणी जाणकार असेल तर कृपया लिहावे.

आणि हो, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी आम्ही मराठी चौकडी करतोय. तिघे झालो आहोत. उखडलेला मित्र त्यातलाच एक! चौथा हवा आहे. खेळता येण्याची अट नाही.

कळावे, लोभ असावा.